सजगतेची साधना एकत्र बसून करायची, म्हणजे नेमके काय एकत्र करायचे?

चर्चाप्रस्ताव : उंबरठा

नमस्कार. गेले आठ महिने आम्ही काही जण आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) सरावासाठी एकत्र बसतो. आमच्यापैकी कोणीही शिक्षक नाही. सुरुवातीला अकरा जण होते. आता कधी पाच येतात, कधी तीनच. बैठकीचा क्रम अगदी साधा आहे. अर्धा तास श्वासाकडे लक्ष ठेवून शांत बसायचे आणि त्यानंतर साधारण पाऊण तास बोलायचे. बसण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. घरी एकटा बसलो की दहाव्या मिनिटाला काहीतरी आठवून उठणारा मी तिथे अर्धा तास जागचा हलत नाही, आणि याचे श्रेय माझ्या निग्रहापेक्षा शेजारी बसलेल्यांना द्यावे लागते, हे मला कळते.

अडचण बोलण्याची आहे. कोणी म्हणाले की या आठवड्यात वरिष्ठांवरचा राग आवरता आला नाही, की लगेच तिघे जण उपाय सांगू लागतात. एक जण नोकरी बदलायला सांगतो, दुसरा प्राणायाम सुचवतो, तिसरा स्वतःच्या वरिष्ठांची गोष्ट सुरू करतो, आणि ज्याने विषय काढला तो हळूहळू गप्प होतो. गेल्या महिन्यात याहून अवघड प्रसंग आला. मौन चालू असताना आमच्यातल्या एका ताईंना रडू आले. हुंदके स्पष्ट ऐकू येत होते. आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो, आणि खरे सांगायचे तर डोळे मिटलेले असणे त्या वेळी सोयीचे वाटले. घंटा झाल्यावरही कोणी त्यांना काही विचारले नाही; कोणाच्या खासगी गोष्टीत कशाला पडायचे, असे प्रत्येकाला वाटले असावे. त्यानंतरच्या दोन बैठकांना त्या आल्या नाहीत.

तेव्हापासून मनात प्रश्न आहे. सजगता ही ज्याची त्यानेच करायची गोष्ट असेल, तर एकत्र येण्याचा उपयोग शिस्तीपुरताच आहे का? आणि तसे नसेल, तर गटाने मिळून नेमके काय करायचे असते?

प्रतिसाद १ : शंकासुर

बोलणे बंद करा, एवढेच सुचवतो. आणि हे मी तिरकसपणे म्हणत नाही. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतले विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर मी दोनदा केले आहे. तिथे रोज तीन वेळा, प्रत्येकी एक तास, सर्वांनी ध्यानकक्षात एकत्र बसायचे असते, आणि विपश्यना शिकवून झाल्यावर त्या तासांत आसन न बदलता, हात आणि डोळे न उघडता बसण्याचा निश्चय करायचा असतो. पहिले नऊ दिवस साधक एकमेकांशी बोलत नाहीत, खाणाखुणाही करत नाहीत. दहाव्या दिवशी मौन सुटले तेव्हा शेजारच्या आसनावरच्या माणसाचे नाव मला पहिल्यांदा कळले, पण त्याला खोकला कधी येतो आणि तास संपत आला की त्याचा श्वास कसा जड होतो, हे मला आधीच पाठ झाले होते. माझ्या मते इतकी सोबत पुरते. तुमच्या गटातून गळालेले लोक अर्ध्या तासाच्या मौनाला कंटाळून गेले नसावेत. ते पाऊण तासाच्या उपदेशाला कंटाळून गेले असावेत.

प्रतिसाद २ : जुनी_वही

शंकासुर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, त्याआधीच्या निष्कर्षाशी नाही. शिबिरातले मौन आपोआप टिकत नाही. वेळापत्रक आधीच आखलेले असते, घंटा वाजवायला आणि व्यवस्था बघायला धम्मसेवक असतात, अडचण सांगायला सहायक आचार्य असतात, आणि दहा दिवसांनी सगळे आपापल्या वाटेने निघून जातात. साप्ताहिक गटात यातले काहीच नसते. तिथे तीच चार माणसे वर्षानुवर्षे भेटतात, एकमेकांच्या खोडी त्यांना ठाऊक होतात, आणि एकाचे उशिरा येणे दुसऱ्याला खुपू लागते. अशा गटाने बोलणे टाळले तर हे सगळे मौनाखाली साचत राहते.

मूळ प्रश्नाला थेट भिडणारा एक संवाद बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात, संयुत्त निकायातल्या सेदक सुत्तात आहे. बांबूवर कसरती करणारा एक उस्ताद आपल्या मेदकथालिक नावाच्या चेल्याला खांद्यावर उभे करतो आणि म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे आपण खेळ दाखवून, चार पैसे मिळवून सुखरूप खाली उतरू. चेला म्हणतो, तसे नको. तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो. बुद्ध इथे चेल्याची बाजू घेतात. कसरत करणाऱ्या कोणालाही ते पटेल, कारण स्वतःचा तोल सोडून दुसऱ्याचा तोल बघणारा दोघांनाही पाडतो. इथवर वाचले की शंकासुर जिंकले असे वाटते. पण बुद्ध तिथे थांबत नाहीत. स्वतःला सांभाळणारा दुसऱ्याला सांभाळतो आणि दुसऱ्याला सांभाळणारा स्वतःला सांभाळतो, असे ते पुढे सांगतात, आणि दोन्ही कसे घडते तेही सांगतात. पहिले घडते ते नित्याच्या सरावाने. दुसरे घडते ते क्षमाशीलतेने, अहिंसेने, मैत्रीने आणि दयाभावाने. पहिली बाजू आपण घरीही सांभाळू शकतो. दुसरीसाठी मात्र समोर हाडामांसाचा, प्रसंगी कंटाळवाणा बोलणारा माणूस लागतो. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजगतेच्या साधनेवरच्या बुद्धाच्या उपदेशातही, निरीक्षण ‘आत’, ‘बाहेर’ आणि ‘आत-बाहेर’ अशा तिन्ही अंगांनी करायला सांगितले आहे. आपल्याकडच्या पुष्कळ गटांत पहिल्याच अंगावर सगळा भर असतो.

आता उपदेशाच्या रोगाविषयी. हा रोग फक्त तुमच्या गटाला नाही, आणि त्यावरचे उपाय फार आधीपासून लोकांनी शोधून ठेवले आहेत. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान यांनी १९८२ साली नैर्ऋत्य फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज हे साधनाकेंद्र स्थापन केले. त्या परंपरेतल्या गटांत अनुभवकथनाची एक ठरलेली रीत आहे. ज्याला बोलायचे आहे तो हात जोडतो, बाकीचेही हात जोडतात, म्हणजे आता ऐकण्याची पाळी आपली आहे हे सर्वांनी मान्य केले असे ठरते. तो फक्त स्वतःच्या अनुभवातून बोलतो, तत्त्वज्ञान सांगत नाही, आणि बोलून झाले की पुन्हा हात जोडतो. तोपर्यंत मध्ये कोणी बोलत नाही, आणि नंतरही त्याच्या बोलण्याला उत्तर देत नाही; पुढचा माणूस बोलतो तो स्वतःबद्दल. खोलीत बोललेले खोलीतच राहते. बैठक संपल्यावरही एखाद्याच्या बोलण्याविषयी त्याच्याशी काही बोलायचे असेल, तर आधी त्याची परवानगी घ्यायची. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मौनसभा सतराव्या शतकापासून चालत आल्या आहेत, त्यांतही एकाचे बोलणे संपले की दुसऱ्याने लगेच बोलायला उभे राहू नये, मध्ये पुरेसे मौन जाऊ द्यावे, असा संकेत आहे. दोन परंपरा एकमेकींपासून इतक्या दूर असूनही अनुभवाने जवळजवळ एकाच ठिकाणी पोचल्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

वैद्यकीय क्षेत्रातही हेच दिसते. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो सजगतेचा कार्यक्रम सुरू केला, त्याचे आजचे रूप आठ आठवड्यांचे आहे. आठवड्यातून एकदा साधारण अडीच तासांची गटबैठक होते आणि मध्ये एक संपूर्ण दिवस मौनाचा असतो. तिथेही सरावानंतर बोलणे होतेच, पण शिक्षक ‘काय जाणवले, शरीरात कुठे जाणवले’ असे विचारतो. ‘असे का झाले’ आणि ‘आता काय करायला हवे’ हे प्रश्न तो बाजूला ठेवतो.

घंटेबद्दल दोन वाक्ये लिहितो, कारण तुम्ही तिचा उल्लेख केवळ वेळ संपल्याची खूण म्हणून केला आहे. प्लम व्हिलेजच्या परिभाषेत घंटा ‘वाजवत’ नाहीत, तिला ‘निमंत्रण’ देतात. आधी दांडा काठाला टेकवून तसाच धरून ठेवायचा, म्हणजे दबलेला, अर्धवट आवाज येतो. ती पूर्वसूचना असते. मग एक श्वास जाऊ द्यायचा आणि त्यानंतर पूर्ण नाद काढायचा. तो नाद विरेपर्यंत, साधारण तीन श्वास, कोणी काही करत नाही. बोलणे चालू असताना वातावरण तापले तर गटातला कोणीही घंटेला निमंत्रण देऊ शकतो, आणि बोलणारा वाक्याच्या मध्यातही थांबतो. आमच्या गटात ही एक गोष्ट रुजवायला सहा महिने लागले. सुरुवातीला घंटा म्हणजे ‘तुम्ही फार बोललात’ असा निरोप वाटून लोक दुखावत. मग आम्ही ठरवले की प्रत्येक बैठकीत ती किमान दोनदा वाजेल, कोणी फार बोलत असो वा नसो.

प्रतिसाद ३ : मंदगती

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते आणि एका छोट्या साधनागटातही बसते, त्यामुळे त्या ताईंच्या प्रसंगापुरतेच लिहिते.

मौनात रडू येणे ही आपत्ती नाही. दिवसभर कामात गुंतलेले मन अर्धा तास मोकळे मिळाले की दबलेले दुःख वर येते, आणि पुष्कळदा रडून झाल्यावर माणूस हलका होतो. मात्र नेहमीच असे होते असे समजणे धोक्याचे आहे. २०१७ साली जेरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्यान करणाऱ्यांच्या आणि ध्यान शिकवणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ध्यानाशी निगडित अशा कठीण किंवा अनपेक्षित अनुभवांचे ५९ प्रकार ७ गटांत मांडले आहेत. भीती, झोपेतले बदल, जुन्या आघातांच्या आठवणी उसळून येणे, स्वतःविषयीची जाणीव विस्कटणे, असे बरेच काही त्यांत येते. ज्यांच्या आयुष्यात मोठा आघात घडून गेला आहे, त्यांना डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवणे हीच गोष्ट असह्य होऊ शकते, कारण घाबरल्यावर पहिला बदल श्वासात होतो आणि त्यांचे लक्ष नेमके तिथेच बांधून ठेवलेले असते.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला, जुने सदस्य कंटाळले तरी, तीन गोष्टी मोठ्याने सांगितल्या जातात. डोळे उघडे ठेवून, नजर जमिनीवर टेकवून बसले तरी चालते. श्वास नकोसा वाटला तर तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा खोलीतला एखादा आवाज हा आधार घेता येतो. आणि उठून बाहेर जाणे हा कोणाचाही अपमान नाही. शिवाय दर वेळी एक जण पाळीने डोळे उघडे ठेवून बसतो. तो साधना करतच असतो, फक्त त्याच्या साधनेचा विषय ती खोली असते. कोणी उठून बाहेर गेले तर एका मिनिटाने तो मागोमाग जातो. हे एक काम ठरवून दिले की बाकीच्यांना ‘मी जाऊ की नको’ या घालमेलीत अर्धा तास काढावा लागत नाही.

नंतर काय विचारायचे, हेही आधी ठरलेले बरे. ‘काय झाले’ असे विचारले की माणसाला हकीकत सांगावी लागते आणि ती सांगायची त्याची तयारी असतेच असे नाही. ‘तुम्हाला आत्ता काही हवे आहे का, मी थोडा वेळ इथे बसू का’ एवढे पुरते. हे मी स्वतः चुकून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या बैठकीत एका गृहस्थांचे डोळे भरून आले तेव्हा मी न विचारता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकून इतके मागे सरकले की खुर्ची भिंतीवर आदळली. मला समुपदेशनाचे प्रशिक्षण असूनही त्या क्षणी मी माझी अस्वस्थता शांत करत होते, त्यांची नव्हे.

एक मर्यादा मात्र आखून ठेवा. साधनागट म्हणजे उपचारगट नव्हे. एखाद्याची झोप अनेक दिवस उडाली, बैठकीनंतर भीती ओसरत नाही, किंवा जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणाच्या तोंडी आली, तर ‘बसत राहा, निघून जाईल’ असे कोणीही सांगू नये. त्या व्यक्तीला मानसिक आरोग्याच्या तज्ज्ञाकडे जायला मदत करावी, आणि शक्य असल्यास सोबत जावे.

आणि त्या ताईंना फोन करा. प्लम व्हिलेजच्याच परंपरेत ‘नव्याने सुरुवात’ नावाची एक रीत आहे. तिच्यात आधी समोरच्याचे जे मनापासून आवडले ते सांगायचे, मग स्वतःच्या चुकीबद्दलची खंत सांगायची, आणि स्वतःला काही लागले असेल तर ते त्यानंतर. तुमच्या बाबतीत पहिल्या दोनच पायऱ्या पुरतील.

प्रतिसाद ४ : उंबरठा

तिघांचेही आभार. मधल्या तीन आठवड्यांत जे झाले ते लिहितो.

ताईंना फोन केला. मी बरीच तयारी करून बोललो. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या की रडण्याचे काही विशेष नव्हते, असे त्यांना घरीही होते. पण घंटेनंतर सगळ्यांनी इतक्या घाईने चपला घातल्या की आपण या लोकांना नकोसे झालो आहोत असे त्यांना वाटले. मला तर चपला घातल्याचे आठवतसुद्धा नव्हते. अर्धा तास प्रत्येक श्वासाची नोंद घेणारे आम्ही, आणि खोलीच्या दारात आमचे काय चालले होते ते आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते.

पुढच्या बैठकीला त्या आल्या. आम्ही पाच जण होतो. अनुभवकथनाची ती रीत वापरून पाहिली, फक्त वेळ पाऊण तासावरून पंचवीस मिनिटांवर आणला. पहिल्या दिवशी फार अवघडल्यासारखे झाले. दोन बोलण्यांच्या मधल्या मौनात कोणाचे तरी पोट गुरगुरले आणि सगळे हसले. तेवढ्याने बरे वाटले. आमच्यात एक गृहस्थ आहेत, स्वभावाने अत्यंत मदत करणारे, ज्यांच्याकडे प्रत्येक अडचणीवर किमान दोन उपाय तयार असतात. एक सदस्य आपल्या आईच्या आजारपणाविषयी बोलत होत्या तेव्हा या गृहस्थांचा उजवा हात दोनदा वर आला, हवेत थांबला आणि परत मांडीवर गेला. नंतर त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “मला आत्ता छातीत काहीतरी दाटल्यासारखे होते आहे आणि एरवी मी बोलून ते घालवतो.” आठ महिन्यांत त्यांनी स्वतःविषयी काही सांगितल्याचे मला आठवत नाही.

डोळे उघडे ठेवून बसण्याची पहिली पाळी मी घेतली. चार माणसांचे मिटलेले चेहरे इतका वेळ पाहण्याची सवय नसल्याने सुरुवातीला चोरून पाहिल्यासारखे वाटले. नंतर लक्षात आले की श्वास कोणाचा संथ झाला आणि कोणाचा अडखळला, हे कळायला मला काहीही करावे लागत नव्हते.

आता दोन व्यावहारिक शंका उरल्या आहेत. तिघेच आले तर बैठक घ्यावी की रद्द करावी? आणि घंटा नेहमी मीच हाताळतो, ते योग्य आहे का?

प्रतिसाद ५ : शंकासुर

फोनची हकीकत वाचून बोलण्याविषयीचे माझे मत थोडे सैल करतो; पंचवीस मिनिटे ठीक आहेत, त्याहून जास्त नकोत.

तिघेच आले तर काय, या प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बैठक कधीही रद्द करू नका, एकच माणूस आला तरीही. ‘आज आहे की नाही’ असा निरोप विचारावा लागला की गट निम्मा संपतो, कारण मग न येणाऱ्याला आपल्या न येण्याने काही बिघडत नाही असे वाटते आणि येणाऱ्याला आपण उगाच आलो असे वाटते. ठरलेल्या वेळी दार उघडे असेल एवढी खात्री सगळ्यांना हवी. आणि अकरा आसने मांडून ठेवत असाल तर तो प्रकार बंद करा. रिकाम्या आसनांकडे तोंड करून बसले की न आलेल्यांचाच विचार होत राहतो. जेवढे आले तेवढीच मांडा, थोडी जवळ मांडा.

प्रतिसाद ६ : जुनी_वही

घंटा एकाच हातात राहू नये, कारण मग नकळत तो माणूस शिक्षक होतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे पाहू लागतात. दर आठवड्याला पाळी बदला. पहिली पाळी त्या उपाय सांगणाऱ्या गृहस्थांना द्यावी असे सुचवतो. मदत करण्याची त्यांची ओढ खरी आहे आणि तिला करण्यासारखे काहीतरी हवे.

प्रतिसाद ७ : उंबरठा

दिली. पहिला नाद त्यांनी इतक्या जोरात काढला की दोघे जण दचकले. शेवटचा काढताना मात्र दांडा बराच वेळ काठाशी धरून ठेवला होता. नंतर घड्याळ पाहिले तर अर्ध्या तासाची तेहतीस मिनिटे झाली होती. ते म्हणाले, ताईंचा श्वास जरा जोरात चालला होता, तो खाली येईपर्यंत थांबलो.